सात चुलींची आळी

म्हातारपण काढायला जागा बघायची म्हणून मी पुण्याहून निघाले, तेव्हा शेजारणीला सांगितलं, "नगरला मैत्रिणीकडे जाऊन येते." चक्क खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तिने आधी हळहळ केली असती आणि मग माझ्या दोन खोल्यांचं पुढे काय, ते विचारलं असतं. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं खडू झिजवून मी त्या दिवाळीत निवृत्त झाले होते. लग्न केलं नाही. भाऊ होता, तो गेला. त्याचा मुलगा जबलपूरला असतो. मी तीन पत्रं टाकली की त्याचं एक येतं, तेही बायकोच्या अक्षरात.

निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात मला ताप भरला. तीन दिवस अंथरुणाला खिळून होते. चौथ्या दिवशी दार वाजलं, ती रजा संपवून आलेली मोलकरीण होती. ते तीन दिवस कुणी तरी दार वाजवावं म्हणून मी कानात प्राण आणून पडले होते, आणि मला भयंकर भीती वाटली होती. एरवी मी भित्री नाही. बरी झाले आणि राहुरीजवळच्या एका वृद्धाश्रमाला पत्र टाकलं. उत्तर आलं: एक खोली रिकामी आहे, समक्ष येऊन बघून जावे.

एकाहत्तरचा जानेवारी होता. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि एस.टी.च्या खिडक्यांमधून वारा असा शिरत होता की विचारू नका. शिरूरला घोडनदी ओलांडली तसा मुलूख उघडाबोडका होत गेला. माझ्या पायाशी कुणाची तरी कांद्याची गोणी होती आणि कुणाची ते नगर येईपर्यंत कळलं नाही. नगरला गाडी बदलून राहुरीला उतरले तेव्हा पाच वाजले होते.

स्टँडवर टांगा केला. पत्ता ऐकून टांगेवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"भेटाया चाललाव का ऱ्हायाला?"

"बघायला," मी म्हणाले.

"बघा, बघा. समदे आधी बघायलाच येत्यात."

असा राग आला मला! पण त्याचं खोटं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. उसाने लादलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, एकीमागे एक, आणि त्यांच्या मागून डोक्यावर वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे घेतलेल्या बायका. एका गाडीला झोळी बांधली होती आणि तीत मूल झोपलं होतं. पुढे नव्या कृषी विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्यामागे मुळा धरणाच्या बाजूला डोंगराची निळी रेघ दिसत होती.

आश्रम छान होता. मी खोड काढायच्या तयारीने गेले होते, पण काढायला खोड सापडेना. एका ओळीत बारा खोल्या, पुढे लांबलचक पडवी, मागे पेरूची झाडं. भिंतींना नवा चुना. व्यवस्थापक कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क होते. मऊ बोलायचे, आणि प्रत्येक म्हाताऱ्याला नावाने हाक मारायचे. रात्री मुगाची खिचडी, कढी आणि पापड. सकाळी आंघोळीला ऊन पाणी, बादलीभरून.

"इथे तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही," व्यवस्थापक म्हणाले. "चहा जागेवर. जेवणाची घंटा बाराला आणि सातला."

पडवीत गोदाकाकू म्हणून श्रीरामपूरच्या एक बाई बसल्या होत्या. मी विचारलं, "कसं काय वाटतं इथे?"

"खाण्यापिण्याचे हाल नाहीत हो," त्या म्हणाल्या. "दिवस फार मोठा असतो, एवढंच."

दिवस तर पुण्यातही मोठाच होता. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून मी अर्ज मागितला. नाव, वय, आजार, आहार, सगळं भराभर लिहिलं. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. 'आजारपणी व अंतसमयी कळवावयाच्या व्यक्तीचे नाव, पत्ता व सही.'

"हे रिकामं ठेवलं तर?" मी विचारलं.

"नाही चालत, बाई." व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या वर्षी आमच्याकडचे एक गृहस्थ गेले. चार ठिकाणी तारा केल्या. कुणी आलं नाही. अग्नी मीच दिला. माझी त्याला ना नाही, पण माणसाला वाईट वाटतं हो. तेव्हापासून विश्वस्तांनी हा नियम केला. सोमवारी सभा आहे. खोली एक आणि अर्ज तीन आहेत. सोमवारी चारच्या आत सहीनिशी अर्ज आणून द्या, तुमचं काम मी करतो."

तो बुधवार होता. जबलपूरहून सोमवारपर्यंत सही येणं शक्य नव्हतं, आणि आली असतीच असंही नाही. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात. माझ्याकडे शितं होती; भुतं जमवायची राहून गेली. त्या पडवीत बसून मी ओळखीची माणसं आठवू लागले आणि दोन्ही हातांची बोटंसुद्धा पुरी झाली नाहीत. त्यांतली बरीचशी माझ्याहून म्हातारी. शेवटी एक नाव आठवलं, सरूबाई.

सरूबाई आमच्या शाळेत अठरा वर्षं शिपाईण होती. नवरा पुण्यात हमाली करायचा, तो वारल्यावर तिला शाळेत लावून घेतलं होतं. सही करायला तिला मीच शिकवलं. चार वर्षांपूर्वी ती पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावी परत गेली. तिचं दर दिवाळीला कार्ड यायचं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, आणि शेवटी नेहमी, "एकदा आमच्याकडं या." मी एकदाही गेले नव्हते. आता गरज पडली तशी निघाले. लाज वाटत होती, पण निघाले.

रात्र नगरच्या धर्मशाळेत काढून गुरुवारी सकाळी पाथर्डीची गाडी धरली. करंजी घाट चढताना डोंगर अगदी बोडके दिसले. मधेच कंडक्टर ओरडला, "वृद्धेश्वरवाले उतरा!" आणि मी एकदम दचकून बॅग उचलली. शेजारचा माणूस म्हणाला, "देवाला जायचंय का?" मी म्हटलं, "नाही, अजून नाही." तो हसला. घाट संपल्यावर तरवडाची झुडपं, बाभळी, आणि तळाशी हिरवट पाणी धरून बसलेल्या विहिरी.

पाथर्डीपासून पुढे वाहन नव्हतं. कडबा घेऊन चाललेल्या एका बैलगाडीवाल्याने मला घेतलं. गडी सत्तरीचा असेल. वाटेतल्या एका ओढ्यात गाडी कलली, माझी बॅग खाली पडली आणि संक्रांतीचा तिळगूळ वाळूत सांडला. म्हाताऱ्याने उतरून एक एक वडी उचलली, फुंकर मारली आणि डब्यात भरली.

"कुनाकडं जायचंय?"

"सरूबाईंकडे."

"ती हाय. आमी म्हातारी तेवढी हाय. बाकी गाव कोयत्यावर गेलंय."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. अशा कोयत्यांची टोळी होते. दसरा झाला की टोळ्या पोरंबाळं, बैल आणि भांडीकुंडी घेऊन कारखान्यांवर जातात आणि चैत्र-वैशाखात परत येतात. राहुरीच्या रस्त्यावर झोळीत झोपलेलं जे मूल मी बघितलं होतं, ते अशाच कुठल्या तरी गावचं असणार.

गावात शिरले. घरामागून घर बंद. काही दारांना कुलूप, काहींना नुसत्या बाभळीच्या काट्या आडव्या लावलेल्या. कुत्रीसुद्धा फारशी नव्हती, तीही टोळ्यांबरोबर गेली होती. सरूबाईच्या आळीत वीसेक घरं असतील. त्यांतल्या सातांतच माणूस होतं. सात घरांत मिळून आठ म्हातारी माणसं.

सरूबाई ओट्यावर हुलगे निवडत होती. मला बघून सूप बाजूला सारलं आणि उठली.

"अगं बया! बाई? आमच्या बाई?"

तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मला एकदम रडू फुटलं. माझ्या तोंडावरून कुणी हात फिरवून किती वर्षं झाली होती, देव जाणे. शाळेत मी तिला अगं-तुगं करायचे. तिच्या ओट्यावर बसल्यावर ते तोंडातून निघेना.

"तुम्ही एकट्याच?" मी विचारलं.

"एकटी कशानं? लेक, सून, नातवंडं समदी कारखान्यावर गेल्यात. घर राखाया मी. आमच्या हातचं चालंल न्हवं?"

"सरूबाई, थोबाडीत खायची आहे का?" मी म्हणाले, तेव्हा ती पोटभर हसली. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, लसूण घातलेली पेज) आणि ठेचा. आश्रमातल्या खिचडीपेक्षा मी दुप्पट जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच दाराशी खोकला ऐकू आला. एक वाकलेली म्हातारी हातात गवरीचा तुकडा घेऊन उभी होती. ती शेजारची चंद्राबाई. सरूबाईने आपल्या चुलीतला इंगळ तिच्या गवरीवर ठेवला, दोघी घटकाभर बोलल्या, आणि चंद्राबाई गवरी फुंकत फुंकत गेली. त्याच्या आधी सरूबाई स्वतः पलीकडच्या घरून असाच विस्तव घेऊन आली होती. मी ओट्यावरून बघत होते. थोड्या वेळाने आळीच्या टोकाच्या घरातला एक उंच म्हातारा काठी टेकत चंद्राबाईच्या दारात आला आणि तिच्याकडून विस्तव घेऊन गेला. त्याला सगळे तात्या म्हणत. तात्याच्या पुढे कुणी नव्हतं. तिथे आळी संपत होती.

"काडेपेटी नाही का मिळत इथे?" मी विचारलं.

"मिळती की," सरूबाई म्हणाली. "टोळ्या गेल्या की आमी आळीत ठेवत न्हाई. रोज रातीला चुली इझवायच्या. पहिल्या घरी तेवढा इस्तू राखंत पुरून ठेवायचा आन् सकाळी ह्या दारचा त्या दारी न्यायचा."

"का?"

"रीतच हाय."

तेवढ्यात तिची शेळी सुटली आणि बोलणं तिथेच राहिलं. मी मनाशी म्हटलं, जुनी खोडं, जुन्या समजुती. पस्तीस वर्षं शिक्षिका असल्याचा हा एक तोटा असतो: दुसऱ्याने अर्धं वाक्य बोललं की उरलेलं आपल्याला ठाऊकच आहे असं वाटतं.

दिवसभर मी गप्पा मारल्या, अंगणात बसले, पण अर्जाचं काही तोंडातून निघेना. संध्याकाळी सरूबाईनेच विषय काढला.

"बाई, चार वर्सांत आला न्हाई आन् आज आला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? काय हाय ते बोला."

मी अर्ज काढून वाचून दाखवला. ती शेवटच्या ओळीपर्यंत नीट ऐकत होती.

"म्हंजी तुमी गेल्यावर मला कळवनार?"

"हो. किंवा फार आजारी असले तर."

"आन् रोजच्याला कुनाला कळवत्यात?"

"रोज काय कळवायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. पेन मागून घेतलं आणि मी शिकवली होती तशी, प्रत्येक अक्षर वेगळं काढून, सही केली. जीभ दातांत धरून. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! खोली मिळाली म्हणूनच समजले. त्याच आनंदात मी चंद्राबाईकडे तिळगूळ द्यायला गेले. तिची बोटं विस्तवाने पोळून काळी पडली होती, आणि ती थंडीने कुडकुडत होती. माझ्या बॅगेत प्रवासातल्या स्टोव्हसाठी आणलेली कोरी काडेपेटी होती. ती मी तिच्या हातात ठेवली.

"घ्या. उद्या उन्हं वर आल्यावर उठा आणि आपली चूल आपण पेटवा."

म्हातारीने पेटी कानाशी हलवून बघितली. "सरूला सांगू नका," ती म्हणाली आणि पदराखाली लपवली. पोरीसारखी हसली. मीही हसले.

शनिवारी सकाळी चंद्राबाई विस्तवाला आली नाही. सरूबाई तिच्याकडे निघणार तोच तीच हातात चहाचा तांब्या घेऊन आली. "पावन्यास्नी आज माझ्याकडचा चहा!" सरूबाईच्या कपाळाला आठी पडली.

"इस्तू कुठला?"

चंद्राबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी काडेपेटीचं सांगितलं.

"आन् तात्या? तात्या आल्ता का तुझ्याकडं?"

"त्याला रातीच अर्ध्या काड्या दिल्या, पेटीची एक कड मोडून. त्योबी आज निवांत झोपला असंल."

सरूबाई काही बोलणार होती, पण माझ्याकडे बघून गप्प बसली. मी पाहुणी, त्यातून तिची बाई. मी दुपारी निघणार होते. तिने माझ्यासोबत द्यायला भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. बारा वाजून गेले असतील, ती भाकरी टाकता टाकता एकदम उठली आणि अंगणात जाऊन आळीच्या टोकाकडे बघत उभी राहिली.

"तात्याच्या घरातनं धूर न्हाई निघाला," ती म्हणाली आणि पळत सुटली. त्या वयात ती पळाली.

तात्या उंबऱ्याच्या आत पडला होता. पहाटे उठताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पहाटेपासून दुपारपर्यंत तो त्या गार भुईवर होता. हाका मारून मारून घसा बसला होता. तोंडाला कोरड पडली होती. मी त्याला चमच्याने पाणी पाजलं. तो पुटपुटला ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"उजाडल्यावर वाटलं, मी गेलो न्हाई म्हंजी चंद्री यील बघाया. मंग ध्यानात आलं, आज काड्या हायती."

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायला तोंडही राहिलं नव्हतं. सरूबाई माझ्याजवळ आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई, आमी भिकारी न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "काडीपेटी घेता येती आमाला. पर सकाळी कुनी तरी कुनाच्या दारात गेलंच पायजे, म्हनून ही रीत. आला न्हाई तर समजायचं, काय तरी झालंय, आन् आपुन जायचं. मी तुमाला कालच सांगाया पायजे हुतं. आज मीबी फसले. काड्या दिल्यात म्हटल्यावर माजंबी मन निवांत झालं."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, माझ्याही. तात्याला बैलगाडीत कडब्यावर निजवलं. त्या दिवशीचा तो बैलगाडीवाला म्हाताराच गाडी घेऊन आला. तात्याचे दोन्ही मुलगे कारखान्यावर. बरोबर जाणार कोण? सरूबाई निघायला लागली, तिला मी थांबवलं. तिच्या दारी सकाळी चंद्राबाई येणार होती. "मी जाते," मी म्हणाले. प्रत्येक खड्ड्याला तात्या कण्हायचा आणि मी त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवायचे. पाथर्डीहून एका ट्रकवाल्याने नगरच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं, एक पैसा घेतला नाही. भलं होवो त्याचं.

डॉक्टर तरुण होते. वजन लावून पाय ताणून ठेवला. म्हणाले, "वय झालंय, छातीत कफ आहे. चार-पाच दिवस कुणी तरी सतत जवळ पाहिजे. कूस बदलायची, पाणी द्यायचं, बोलतं ठेवायचं. कोण राहणार?" मी माझं नाव सांगितलं. त्याच्या मुलांना कारखान्याच्या पत्त्यावर तार केली. ते कुठल्या फडात (उसाच्या तोडीच्या रानात) असतील ते मुकादमाला ठाऊक, आणि मुकादम कुठे असेल ते कुणाला ठाऊक!

रविवार गेला. सोमवार उजाडला. नगरहून राहुरी तासाभराच्या वाटेवर. जाऊन-येऊन दोन तास गाडीचे, अर्धा तास टांग्याचा, अर्धा तास कचेरीत. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बायकोने "मी बघते तात्याकडं" म्हणून सांगितलं होतं. अर्ज पिशवीत होता, सहीनिशी. बारा वाजता मी तात्याला म्हणाले, "जरा जाऊन येते."

"जा की," तो म्हणाला. मग विचारलं, "किती येळ लागंल?"

त्याने हे साधेपणानेच विचारलं. तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. पण पहाटेपासून दुपारपर्यंत भुईवर वेळ मोजत पडलेला माणूस वेळ विचारत होता. स्टँडवर आले. राहुरीच्या गाडीत खिडकीची जागाही मिळाली. कंडक्टरने घंटी दिली आणि मी ओरडले, "थांबा, उतरायचंय!" तो वैतागला. "बाई, आधी ठरवून बसत जा!" मी उतरले. आजवर आयुष्यात मी सगळं ठरवूनच बसत आले होते.

मी परतले तेव्हा तात्या जागा होता. "लवकर आलाव," म्हणाला. चार वाजले ते मला दवाखान्याच्या घड्याळात दिसले. खोली गेली म्हणून मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. कुणी महात्मा समजू नये मला.

आठव्या दिवशी तात्याचा थोरला मुलगा दगडू आला. अंगाला उसाचा चिकट वास, बोटांना पाचटाच्या चिरा. बापाच्या पायाशी बसला आणि रडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी कोन, बाई?"

मी त्याला व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. काडेपेटी मी दिली होती, तेही सांगितलं. त्याने कठडा धरला. मला वाटलं, आता हा बोलेल, आणि त्याने बोलायलाच हवं.

"आमी तरी कुठं हुतो, बाई?" तो म्हणाला.

त्याने खाली जाऊन माझ्यासाठी चहा आणला. मी तो प्यायले आणि दुपारच्या गाडीने पुण्याला परत आले.

राहुरीहून व्यवस्थापकांचं पत्र आलं. खोली दुसऱ्यांना दिली आहे, तुमचं नाव यादीत पहिलं ठेवलं आहे. सज्जन माणूस. यादीतलं नाव मी काढलेलं नाही. तेवढी छाती मला नाही, आणि ऊन पाण्याची बादलीही या वयात खोटी नसते. पण त्या आश्रमात काही करावं लागत नाही, हे मला तेव्हा सुखाचं वाटलं होतं. आता त्याची धास्ती वाटते. माझी वाट बघत कुणी बसलेलं नाही, हे मला त्या तापात कळलं होतं. मीही कधी कुणाची वाट बघत बसले नव्हते, हे कळायला पाथर्डीपर्यंत जावं लागलं.

वैशाखात सरूबाईचं जोडकार्ड आलं, पोस्टमनकडून लिहवून घेतलेलं, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं. टोळ्या परत आल्या. पोरं आली. गाव भरलं. तात्या घरी आलाय, पर त्याच्यानं आता चालवत न्हाई, बसून असतो. पुढल्या साली टोळ्या गेल्या की त्याच्या दारी इस्तू पोचवाया मानूस कमी पडनार. चंद्राच्या पलीकडं घर मोकळं हाय, माळवद गळत न्हाई. तुमची खोली मिळाली असंल तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर दसऱ्याला येता का?

मी पंचांग काढून दसरा कधी आहे ते बघितलं. मग जोडकार्डाचा उरलेला अर्धा भाग फाडला, सरूबाईचा पत्ता घातला आणि लिहिलं, "येते."